गावावरून ओवाळून टाकलेला शब्द

बसा. पंखा बंद कर रे, कागद उडतायत. आणि मागचं दार लावून घे. आज जे बोलायचंय ते शेजारच्या तुकडीने फुकटात ऐकायचं कारण नाही. त्यांची पाळी उद्या आहे.

हे तुमचे सराव परीक्षेचे पेपर. एकूण 61. पत्रलेखनाचा प्रश्न काय होता? वस्तीतला कचरा वेळेवर उचलला जात नाही, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहा. नववीपासून हेच पत्र लिहीत आलात. कधी पाणी, कधी खड्डे, कधी डास. पत्र तेच. शनिवारी रात्री जेवण आवरून मी गठ्ठा सोडला. तिसऱ्या पेपरात ‘इग्रीजसली’ हा शब्द आला आणि, खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, कुणीतरी पुस्तक उघडलंय. पाचव्या पेपरात पुन्हा तोच. आठव्यात पुन्हा. बाराव्याला मी लाल पेन खाली ठेवलं आणि नुसती मोजत सुटले. 61 पैकी 37.

हसायचं काम नाही. त्या 37 मध्ये कोण कोण आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आता मलाही.

नमुने ऐका. एक म्हणतो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचरा ‘इग्रीजसली’ पडलेला असतो. अरे, कचरा इग्रीजसली, म्हणजे अक्षम्य वाईटपणे, कसा पडेल? मर्यादेने, अदबीने पडलेला कचरा पाहिलायस कुठे? दुसरीने साहेबांना कळवलंय की आपलं खातं ‘इग्रीजसली’ काम करतं, त्याबद्दल आम्ही नागरिक आपले आभारी आहोत. म्हणजे बाई, तू एका वाक्यात त्यांच्या तोंडात मारलीस आणि त्याच वाक्यात पेढाही ठेवलास. आणि तिसऱ्या महाभागाने तर कहर केला. पत्राच्या शेवटी ‘युवर्स फेथफुली’ लिहितात ना, ते खोडून तिथे ‘युवर्स इग्रीजसली’. आपला घोर अपराधी, अमुक तमुक. नाव सांगत नाही. कान लाल झालेत त्याचे, तेवढं आजच्यापुरतं बास.

हे आलं कुठून, तेही मला कळलंय. माझी भाची तुमच्याच वयाची आहे. तिच्या फोनवर ती यादी आहे: ‘बोर्डात पैकीच्या पैकी मिळवून देणारे 50 पॉवरफुल शब्द’. शब्दापुढे डॅश आणि डॅशपुढे मराठी अर्थ. इग्रीजसली, डॅश, ‘खूप’. संपलं. चारशेहून अधिक वर्षं इंग्रजीत नांदलेला शब्द तुम्ही ‘खूप’ या दोन अक्षरांत गुंडाळलात. 37 जणांपैकी एकालाही वाटलं नाही की एकदा शब्दकोश उघडून बघावा. फोन तर सगळ्यांच्या खिशात आहे. तो आता बाहेर काढू नका, उशीर झाला.

फळ्याकडे बघा.

लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. मेंढरांचा म्हणा, गुरांचा म्हणा. त्याच्या आधी ‘एक्स’ लावा, म्हणजे ‘मधून बाहेर’. एग्रेगिअस: कळपातून बाहेर उठून दिसणारा, चारचौघांतला नव्हे तो. त्या ‘ग्रेग’ची पोरंबाळं तुमच्या ओळखीची आहेत. ‘ॲग्रिगेट’ तुम्ही रोज म्हणता, टक्के मोजताना. ‘काँग्रिगेशन’ म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली मंडळी. ‘ग्रिगेरियस’ म्हणजे माणसांत रमणारा. आणि ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा म्हणून घंटागाडीवर जे ओरडत असतं, ते ‘सेग्रिगेशन’, म्हणजे कळपापासून बाजूला काढणं. तुमच्यापैकी 14 जणांनी ‘सेग्रिगेशन’ याच पत्रात अगदी बरोबर वापरलंय. एका घरातल्या दोन भावंडांना एकाच पत्रात बोलावलंत. एकाला ओळखलंत आणि दुसऱ्याला ‘खूप’ म्हणून हाक मारलीत.

आपल्याकडेही या शब्दाचं दूरचं नातं निघतं. संस्कृतातला ‘ग्राम’ शब्द भाषाशास्त्रातले बरेच जाणकार याच मुळाकडे नेतात. ग्राम म्हणजे मुळात समूह, जमाव. ‘इंद्रियग्राम’ म्हणतात तो याच अर्थाने. पुढे त्या समूहाचं वस्तीस्थान ते ग्राम झालं, आणि आपल्या तोंडी गाव.

आता मला सांगा. कळपातून बाहेर पडलेला, वेगळा उठून दिसणारा, असा ज्याचा अर्थ, तो शब्द 37 जणांनी कळपाने वापरला. पुढचं मेंढरू ज्या खड्ड्यात गेलं त्यात मागची 36 गेली. मला वाटतं, लॅटिन ज्याला येत होतं असा एखादा म्हातारा आत्मा तुमच्या यादीवर बसून हसत असेल.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती कळली तर ‘आभारी आहोत’वालीला थोडा दिलासा मिळेल. हा शब्द जन्मतः शिवी नव्हता. लॅटिनमध्ये तो मानाचा होता. उठून दिसणारा म्हणजे थोर, असामान्य. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तोही त्याच मानाने. क्रिस्तोफर मार्लोचं तैमूरलंगावरचं नाटक 1590 मध्ये छापलं गेलं. त्याच्या दुसऱ्या भागाची सुरुवातच मुळी एक राजा आपल्या मांडलिकांना हे विशेषण लावून करतो, आणि ते मांडलिक रागावत नाहीत. रागावण्यासारखं काही नव्हतंच. त्याच काळात शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’मधला पोस्थ्युमस मात्र पश्चात्तापाने पोळून स्वतःला खुनी म्हणतो आणि त्या खुन्याला हेच विशेषण जोडतो. एकाच पिढीत एकाच शब्दाने दरबारात मुजरा घेतला आणि तोच आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा राहिला. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपला कोश काढला तेव्हा त्याने दोन्ही अर्थ नोंदवले, मानाचा आणि घोर वाईटपणाचा. आज पहिला अर्थ इंग्रजीत मेलाय. पुरलाय. तेव्हा बाई, तू चार शतकं आधी जन्मली असतीस तर तुझं वाक्य बरोबर धरलं असतं. आत्ता मी त्याला शून्य दिलंय.

इटलीत मात्र तो जुना मान अजून शाबूत आहे. माझा एक जुना विद्यार्थी मिलानला शिकायला गेला. पहिल्याच महिन्यात रात्री त्याचा फोन. म्हणाला, “मॅडम, इथल्या एका कंपनीने मला पत्र पाठवलंय आणि पाकिटावर माझ्या नावाआधी एग्रेजिओ लिहिलंय. मी काय गुन्हा केलाय?” त्याला सांगितलं, बाळा, झोप. ‘एग्रेजिओ सिन्योरे’ म्हणजे आपलं ‘राजमान्य राजश्री’. औपचारिक पत्रांत तिकडे अजून लिहितात. त्याच्या गावात मान, समुद्र ओलांडून इंग्रजीत आला की अपमान.

असं कसं झालं? थट्टेतून. बहुतेक जाणकारांचा कौल हाच आहे. एखाद्या भामट्याला मुद्दाम ‘काय थोर माणूस’ म्हणायचं, हळूहळू लोक थोरपण विसरतात आणि भामटेपण उरतं. तुम्हाला हे नवीन वाटायला नको. काल डबा सांडून ठेवलास तेव्हा आई काय म्हणाली? “काय प्रताप केलेस हे?” प्रताप म्हणजे तेज, पराक्रम. शिवरायांच्या गडाचं नाव प्रतापगड. आणि तोच प्रताप स्वयंपाकघराच्या फरशीवर आमटी होऊन पसरलेला. ‘महाभाग’ म्हणजे भाग्यवान, थोर. मी मघाशी तो कुणासाठी वापरला ते आठवा. ‘दिवे लावलेत’ म्हटल्यावर कुणी पणत्या शोधायला जात नाही. भाषेला खोचक बोलायची सवय असते, आणि फार खोचक बोललं की शब्दाला बाक येतो. तो सरळ होत नाही.

आणि आता मला तुमच्या यादीवाल्याचा खरा राग कुठे येतो ते सांगते. त्याला मराठी तरी यायला हवी होती. इग्रीजसला मराठीत ‘खूप’ नव्हे, एक आख्खा वाक्प्रचार तयार बसलेला आहे. गावावरून ओवाळून टाकलेला. तुमच्या आजीला विचारा, ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी म्हणतेच. मगाशी ‘ग्राम’ सांगितला तो विसरू नका. गाव म्हणजे समूह, आणि त्या समूहावरून उतरवून बाहेर फेकलेला. गावात टवाळ खूप असतात, पण हा त्या टवाळांतही वेगळा दिसतो. लॅटिनवाल्याने कळप धरला, आपल्या बायकांनी गाव धरलं, आणि दोघं कुठे येऊन भेटले बघा. वर आणखी मजा अशी की ‘ओवाळणं’ हाही दोन तोंडांचाच शब्द. भाऊबीजेला बहीण ओवाळते तो मान. त्याच हाताने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या की ती दृष्ट, ती इडापीडा. ताट तेच, हात तोच, गोल फिरवणं तेच. शेवटी ‘टाकणं’ आलं की सगळं उलटलं. एग्रेजिओ आणि इग्रीजस यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढंच ओवाळणं आणि ओवाळून टाकणं यांच्यात. हे लिहून घ्या. यादीत नाही मिळणार.

अर्थ झाला. आता वापर, कारण तुमचे मार्क तिथे गेलेत.

इग्रीजसली हे क्रियाविशेषण स्वतः वाईटपणा निर्माण करत नाही. आधी समोर काहीतरी चुकलेलं असावं लागतं. मग हे येऊन सांगतं की ही चूक इतर चुकांच्या गर्दीतही लपत नाही, हिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. म्हणून ते चालतं कुणाबरोबर? ‘राँग’बरोबर चालतं, ‘मिसलीडिंग’बरोबर चालतं, ‘निग्लेक्टेड’बरोबर, ‘अंडरपेड’बरोबर. ‘बिहेव्ह’ या क्रियापदाबरोबर चालतं, कारण वागण्याला चूक-बरोबर असतं. ‘लाय’, म्हणजे पडून असणं, याला चूक-बरोबर नसतं. कचरा पडतो, त्याची काय चूक? चूक न उचलणाऱ्याची. कचराकुंडी ‘इग्रीजसली निग्लेक्टेड’ आहे असं लिहिलं असतंस तर मी मान हलवली असती. टॅलेंटेड, ब्युटिफुल, हार्डवर्किंग यांच्याजवळ हा शब्द नेऊ नका. नेलात तर वाचणारा म्हणेल, हा टोमणा मारतोय. आणि सहा जणांनी ‘व्हेरी इग्रीजसली’ लिहिलंय. टोकावर उभ्या असलेल्या माणसाला आणखी पुढे सरक म्हणताय. तो पडेल.

या शब्दाला वजन किती, ते एका उदाहरणाने सांगते. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात गर्भपाताचा हक्क त्यांच्या घटनेने दिलेला आहे असं म्हटलं. 49 वर्षं तो निकाल उभा होता. 24 जून 2022 रोजी ‘डॉब्ज’ खटल्यात त्याच न्यायालयाने तो मोडला, आणि बहुमताचं निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी म्हटलं की रोचा निकाल पहिल्या दिवसापासून ‘इग्रीजसली राँग’ होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते दोन शब्द उचलले. का उचलले? नुसतं ‘राँग’ म्हणून भागत नव्हतं का?

नव्हतं. इथे लक्ष द्या, ही इंग्रजीची भानगड नाही, विचाराची आहे. कोर्ट आपला जुना निकाल सहसा मोडत नाही. आजच्या न्यायाधीशाला तो चुकीचा वाटला एवढं कारण पुरत नाही, नाहीतर दर दहा वर्षांनी कायदा फिरेल आणि लोकांनी कशाच्या भरवशावर जगायचं? दोनच वर्षं आधी, 2020 मध्ये, ‘रामोस विरुद्ध लुइझियाना’ या खटल्यात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी जुना निकाल मोडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न मांडले होते. त्यांतला पहिलाच असा की हा निकाल नुसता चुकलाय, की ढळढळीत, अक्षम्य चुकलाय? म्हणजे त्या एका क्रियाविशेषणावर निकालाचं जगणं-मरणं टांगलेलं. ते लिहायचं म्हणजे जबाबदारी घ्यायची. अलिटोंनी पुढे पानंच्या पानं खर्ची घातली ते सिद्ध करायला. आणि तरी तीन न्यायमूर्तींना पटलं नाही, त्यांनी तितक्याच जोराने विरोधी मत लिहिलं. त्यात कोण बरोबर यावर वर्गात वाद घालायचा असेल तर शुक्रवारच्या तासाला घाला, मी ऐकेन. माझा आजचा मुद्दा वेगळा आहे: शब्द एकच लिहिला, पण त्याचा खर्च पानोपानी दिला.

जाता जाता एक. त्याच निकालपत्रात अलिटोंनी 1896 चा ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ हा निकालही असाच इग्रीजसली चुकलेला म्हणून पुढे केलाय. काळ्या-गोऱ्यांना रेल्वेच्या वेगवेगळ्या डब्यांत बसवणं घटनेत बसतं म्हणणारा तो निकाल. 1954 मध्ये ‘ब्राऊन’ खटल्याने त्याच्या तत्त्वाची मुळं उखडली. त्या व्यवस्थेला इंग्रजीत काय म्हणतात? सेग्रिगेशन. माणसांना कळपासारखं वेगळं काढणं. मघाचीच दोन भावंडं, एक गुन्ह्याचं नाव झालं आणि दुसरं निवाड्याचं. फळ्यावरचा तो ‘ग्रेक्स’ अजून पुसलेला नाही, बघून घ्या.

तर अलिटोंनी पानं खर्ची घातली. तुम्ही काय खर्ची घातलंत? एक डॅश.

खिडकीतून बाहेर काय दिसतंय? इकडे बघ.

तुम्ही म्हणाल, मॅडम, शब्द झिजला तर झिजला, आमचं काय जातं. जातं. ‘टेरिबली’ म्हणजे एके काळी थरकाप उडवणारं. आज साहेबाच्या बायका ‘टेरिबली स्वीट’ म्हणतात. ‘ऑफुली’त धाक होता, देवाचा धाक. आज तो ‘ऑफुली नाइस’मध्ये चहाबरोबर बिस्किटासारखा बुडवतात. आणि तुमचं तर विचारायलाच नको. पिक्चर खतरनाक, वडापाव डेंजर, दीदीचा ड्रेस भयंकर सुंदर. उद्या खरंच काही भयंकर समोर आलं, तर त्याला काय म्हणणार? तुमच्याकडे शब्दच शिल्लक नसेल. चौकातले फलक बघता ना? तीव्र निषेध, जाहीर निषेध, जाहीर व तीव्र निषेध. कुणी कुणाचा कशासाठी केला, वाचून तीन पावलं पुढे गेलं की आठवत नाही. निषेध एवढा स्वस्त झाला की ज्याचा करायचा तोही आता त्या फलकाखाली उभा राहून चहा पितो.

आणखी एक चूक. चार जणांनी ‘शेमफुली’ आणि ‘शेमलेसली’ यांची अदलाबदल केलीये. एकात लाज भरलेली, दुसऱ्यात लाज नाही, मग दोन्ही वाईट कसे, असा प्रश्न पडला असेल तर तो चांगला प्रश्न आहे. पण परीक्षेआधी पडायला हवा होता. पहिला कृत्याकडे बघतो, दुसरा करणाऱ्याकडे. मराठीत ‘लाजिरवाणं’ आणि ‘निर्लज्जपणे’. कचरा महिनाभर पडून राहणं लाजिरवाणं, आणि तो तिथे टाकून हात झटकत जाणारा निर्लज्ज. आणि ‘आउटरेजसली’मध्ये ‘आउट’ आणि ‘रेज’ नाहीत. राग बाहेर आला असं काही नाही. तो फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, मुळाशी लॅटिन ‘अल्ट्रा’, म्हणजे पलीकडे. हद्द ओलांडणं. संतापाचा धागा लोकांनी नंतर कानाने जोडला.

कानाने व्युत्पत्ती जोडायचा रोग फक्त विद्यार्थ्यांनाच होतो असं समजू नका. ‘अबॉमिनेबल’ घ्या. लॅटिन ‘ओमेन’ म्हणजे शकुन. अपशकुन म्हणून दूर लोटावं असं ते अबॉमिनेबल. पण कित्येक शतकं विद्वानांना वाटत होतं की यात ‘होमो’ आहे, माणूस, म्हणजे माणसाला न शोभणारं. म्हणून ते मध्ये एक ‘एच’ घुसवून लिहायचे. शेक्सपिअरने ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये होलोफर्निस नावाचा एक गावचा मास्तर उभा केलाय. दुसऱ्याने तो ‘एच’ उच्चारला नाही म्हणून हा चडफडतो. आणि चूक कुणाची? मास्तरची. मी ते नाटक दर दोन-तीन वर्षांनी वाचते. औषध म्हणून.

माझंही सांगते, म्हणजे मी पाटावर बसून बोलतेय असं वाटायला नको. नोकरीला लागले त्या वर्षी तपासणीला एक विस्तार अधिकारी आले होते. त्यांच्यासमोर मी वर्गाला हाच शब्द वाचून दाखवला, आणि वाचला ‘एग्रेगिअस’. दोन्ही ग ठणठणीत. कारण तोवर तो मी फक्त छापलेला पाहिला होता, ऐकला कधीच नव्हता. ते काही बोलले नाहीत. तास संपल्यावर खोलीत चहा घेताना त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलने देवनागरीत लिहिलं: इ-ग्री-जस, जोर ग्रीवर, आणि कागद माझ्याकडे सरकवला. वर्गात माझी अब्रू ठेवली त्यांनी. मी तुमची ठेवत नाहीये, कारण मी एकटी होते आणि तुम्ही 37 आहात.

आता त्या पत्रांचं काय करायचं? क्षणभर मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसा. टेबलावर रोज असे अर्ज येतात. ‘परिस्थिती अतिशय भीषण, अत्यंत निंदनीय, घोर दुर्लक्ष’. साहेब शेरा मारतात, ‘संबंधितांनी पाहावे’, आणि कागद खाली जातो. का जातो? त्यात पाहण्यासारखं काही नसतं. कुठली गल्ली? किती दिवस? घंटागाडी कोणत्या वारी यायला हवी होती आणि किती वेळा चुकली? मुकादमाला सांगितलं होतं का, तो काय म्हणाला? शाळेत जाणारी पोरं त्या उकिरड्यावरून जातात का? कुत्री किती? यातलं एक अक्षर 37 पेपरांत नाही. विशेषणं, क्रियाविशेषणं सगळी आहेत; कचरा नाही. कचऱ्याच्या पत्रात कचराच नाही! ‘1 तारखेपासून 14 तारखेपर्यंत गाडी एकदाही आली नाही’ हे वाक्य पाचवीच्या इंग्रजीत लिहिता येतं, आणि त्यावर साहेबाला कुणाला तरी बोलावून विचारावंच लागतं. ते वाक्य आधी लिहा. मग त्याच्या मागे इग्रीजसली लावावंसं वाटलं, तर लावा. तेव्हा तो शब्द उभा राहील, कारण त्याच्या पायाखाली 14 दिवस असतील.

मला शब्द मोठा वापरल्याचा राग नाही, हे डोक्यात ठेवा. कुणी घरी जाऊन सांगू नका की मॅडमना अवघड इंग्रजी आवडत नाही. मला अवघड इंग्रजी आवडतं. तो शब्द मला इतका आवडतो की शनिवारी रात्री तो 37 वेळा असा फरफटलेला बघून मला झोप लागली नाही. ठपका ठेवणारा शब्द म्हणजे बोट दाखवणं. बोट दाखवणाऱ्याला माहीत हवं, आपण कुणाकडे आणि कशासाठी दाखवतोय. तुम्ही डोळे मिटून बोट हवेत फिरवलंत आणि ते कधी कचऱ्याला लागलं, कधी साहेबाला, एकाचं तर स्वतःच्याच छातीला.

पेपर घेऊन जा. ज्याच्या पेपरात लाल गोल आहे त्याने ते पत्र उद्या नव्याने लिहून आणायचं. शब्द ठेवायचा की काढायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. ठेवलात तर त्याच्या वरच्या ओळीत तारीख, गल्ली आणि गाडीच्या फेऱ्या मला दिसल्या पाहिजेत. सबबी नकोत. आज शाळा सुटल्यावर घरी जाताना थांबून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

यादी ज्याने वर्गाच्या ग्रुपवर पाठवली त्याने मात्र थांबावं. त्याच्या पेपरात तो शब्द एकदाही नाही. मी दोनदा पाहिलं. बाकीच्यांनी गेलात तरी चालेल.